माशी पुसट होते तेव्हा

पेनसिल्व्हेनियात नाताळ सरला की हरणाचा एक वेगळा मोसम सुरू होतो. त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, कानाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाशी, रंजक घालायची आणि गारगोटीच्या ठिणगीवर भरवसा ठेवायचा. १९७४ पासून हे चालू आहे. दुर्बीण लावायची सोय नाही. नळीवर मागे एक खाच, पुढे एक माशी आणि त्यांच्यामागे आपला डोळा, एवढेच सामान.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक घरोघरी नसली तरी वाडीत एखादी असतेच. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. पण काकांच्या त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, तीत छर्रे. डुकरे हाकलायला बार काढायचा, नेमाचा फारसा प्रश्नच नाही. इकडची लांब रायफल वेगळी. अठराव्या शतकात लँकेस्टर आणि बर्क्स भागातल्या जर्मन कारागिरांनी ती घडवली. नळी साडेतीन फुटांची आणि आत पीळ कोरलेले. माझी रायफल त्या घाटाची नवी प्रत आहे. तिच्याकडून गोळी हवी तिथे घालून घ्यायची तर नेम धरावाच लागतो, आणि नेम धरायचा तर दिसावे लागते.

आमच्या नेमबाजीच्या क्लबात काळे केस शोधावे लागतात. तिथल्या बाकावर दारूच्या मापाइतकीच चर्चा चष्म्याच्या नंबराची होते. त्या चर्चेतून आणि स्वतःच्या डोळ्यांतून जे हाती लागले ते असे:

१. तिन्ही गोष्टी एकदम स्वच्छ दिसत नाहीत. तरुणपणीही दिसत नव्हत्या.

डोळ्यातले भिंग मऊ असते तोवर ते क्षणात जवळचे पकडते, क्षणात लांबचे. खाच, माशी आणि लक्ष्य यांवरून नजर इतक्या झपाट्याने फिरते की सगळे एकाच वेळी दिसल्याचा भास होतो. लहान मुलाच्या डोळ्याला ही लवचीकता १२ डायॉप्टरच्या आसपास असते, साठीत ती जेमतेम १ उरते. मग डोळा एका अंतरावर अडकून बसतो. आधी मागची खाच जाते, कारण ती सर्वांत जवळ. तिच्या कडा पिंजल्यासारख्या होतात. काही वर्षांनी माशीची वरची कड पुसट व्हायला लागते. लक्ष्य मात्र शेवटपर्यंत ठीक असते आणि घोटाळा तिथेच होतो. जे स्वच्छ दिसते तिकडे मन धावते, माशी खाचेत कुठे आहे याचा पत्ताच राहत नाही.

२. काहीतरी धूसर राहणारच असेल तर ते लक्ष्य असू द्या.

बाकीचे सगळे उपाय या एका गोष्टीसाठी आहेत. माझ्या रायफलीवर खाच आणि माशी यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर होते. माशी खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली तर ५० यार्डांवर गोळी जवळजवळ ६ सेंटिमीटर बाजूला पडते. मिलिमीटरभराची ही चूक पुसट माशीत सहज लपते. उलट लक्ष्यावरचे काळे वर्तुळ धूसर झाले तर ते चारी अंगांनी सारखेच धूसर होते, आणि धूसर वर्तुळाचा मध्य डोळा आपोआप काढतो. आमच्या बाकावरचे निम्मे लोक अजूनही लक्ष्य दिसत नाही म्हणून कुरकुरतात. त्यांना मी विचारतो, माशीची वरची कड दिसते का? तिच्याकडे बहुतेकांनी पाहिलेलेच नसते.

नेम वर्तुळाच्या मधोमध धरण्यापेक्षा तळाशी, घड्याळातल्या सहाच्या जागी धरलेला बरा. माशी आणि काळे वर्तुळ यांच्यात पांढऱ्याची बारीक रेघ राहते, म्हणजे काळ्यावर काळे शोधायचे कष्ट नाहीत. त्यासाठी गोळी थोडी वर जायला हवी, म्हणून माशी कानशीने किंचित कमी करावी लागते. एकदा उतरवलेले लोखंड परत चढत नाही, तेव्हा दोन घासण्या, मग बार, मग पुन्हा दोन घासण्या.

३. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोरी घेऊन जा.

बंदूक नेता येत नाही, नेऊही नये. मी घरी रिकामी रायफल खांद्याला लावून उभा राहिलो आणि बायकोने शिवणकामाच्या टेपने डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर घेतले. “अहो, पापणी मिटा, टेप डोळ्यात जाईल,” “मिटली तर नेम कसा धरू?” असे करत माप निघाले १२५ सेंटिमीटर. तेवढी दोरी कापली आणि एका पांढऱ्या कार्डावर माशीच्या रुंदीची काळी पट्टी चिकटवून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, वाचायला हवाय की कॉम्प्युटरला? मी म्हटले, दोन्हीला नको, या दोरीच्या टोकाला हवाय. कारण सांगितल्यावर त्यांना गंमत वाटली. मदतनीस मुलीच्या हातात कार्ड, दोरीचे दुसरे टोक माझ्या गालाशी. डोळ्यावर ती जड, गोल काचांची तपासणीची फ्रेम. माझा लांबचा नंबर आधी बसवला आणि त्यावर अधिकचे भिंग चढवत गेल्या. ०.५० ला समोरच्या भिंतीवरची अक्षरे ठीक होती, पट्टी थोडी मऊ. १.०० ला पट्टी वस्तऱ्याने कापल्यासारखी, पण भिंतीवरची अक्षरे विरघळली. ०.७५ ला पट्टीची कड धारदार राहिली आणि अक्षरे वाचता आली नाहीत तरी ओळी कुठे आहेत ते कळत होते. तोच नंबर घेतला.

यामागचे गणित सोपे आहे. मीटरमधल्या अंतराने १ ला भागायचे. १.२५ मीटरला ०.८ येते. नळी आखूड असेल तर थोडा जास्त लागतो. डोळ्यात अजून थोडी ताकद शिल्लक असेल तर ०.५० पुरतो. औषधांच्या दुकानातला तयार वाचायचा चष्मा या कामाचा नाही. दीड-दोनच्या नंबराने खाच सुरेख दिसते, पण माशी मऊ होते आणि लक्ष्य तर नाहीसेच होते. मात्र नेमाचा चष्मा रेंजवरच काढून ठेवावा. लांबचे त्यातून थोडे पुसट असते, गाडी चालवताना तो नाकावर नको.

४. प्रोग्रेसिव्ह चष्मा डब्यात राहू द्या.

गाल दस्त्याला टेकला की डोके पुढे झुकते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. प्रोग्रेसिव्हमध्ये तिथे निव्वळ लांबचा नंबर असतो. मग माशी शोधायला हनुवटी वर जाते, गाल दस्त्यावरून सुटतो, आणि दर बाराला गाल नव्या जागी बसतो. एकाच नंबराची मोठी काच घ्या आणि भिंगाचा मध्य त्या कोपऱ्याकडे सरकवून मागा. चष्मेवाला एकदा ऐकून घेत नाही, दोनदा सांगावे लागते. काच पॉलिकार्बोनेटचीच हवी. चकमकीची बंदूक कानातून बाजूला आग फेकते आणि गारगोटीचे कपचे उडतात. ज्याला नंबर नाही त्यानेही साधी काच घालावीच.

५. मागची खाच पुढे सरकते.

चष्म्याने माशी परत मिळते, खाच मात्र तशीच पिंजलेली राहते. ती डोळ्यापासून ४५ सेंटिमीटरवर होती. ६० वर नेली तर तिचा धूसरपणा बराच उतरतो. तोटा असा की खाच आणि माशी यांतले अंतर ८० वरून ६५ वर येते, म्हणजे मघाचीच मिलिमीटरची चूक आता ६ ऐवजी ७ सेंटिमीटरला पडते. पण खाच स्पष्ट दिसत असेल तर ती चूकच कमी होते, म्हणून सौदा फायद्याचा.

नळीत नवी खोबण पाडण्याआधी पुठ्ठ्याची खाच करून बघावी. काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून मी तो नळीवर चिकटपट्टीने बसवला आणि रिकामी रायफल खिडकीबाहेरच्या मोकळ्या उतारावर रोखत तो बोटभर, बोटभर पुढे नेत राहिलो. एका ठिकाणी खाचेच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा वेगळ्या झाल्या. तिथे पेन्सिलीने खूण केली. खोबण मात्र जाणत्या कारागिराकडून पाडून घेतली. नळीची जाडी किती आणि खोबण किती खोल जाऊ शकते, हे अंदाजाचे काम नव्हे.

जुन्या नळ्यांवर कधी कधी बुजवलेली दुसरी खोबण दिसते. ती कोणी का सोडली ते नळी सांगत नाही. माझा अंदाज मात्र पक्का आहे.

६. खाच रुंद करा.

बाजारातल्या बहुतेक खाचा अरुंद आणि टोकदार असतात. तरुण डोळ्याला त्या बारकाव्याच्या वाटतात, म्हाताऱ्या डोळ्याला त्यांचा तळ दिसतच नाही. दोन्ही कडांचा धूसरपणा मध्ये येऊन मिसळतो आणि खाच बुजल्यासारखी होते. चौकोनी किंवा उभट गोल तळाची खाच करून घ्या, इतकी रुंद की माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची स्वच्छ फट राहील. डोळा दोन फटींची रुंदी फार नेमकी जुळवतो, धूसर असल्या तरी. पुष्कळांना वाटते, फट मोठी म्हणजे नेम ढिला. करून बघा, उलटेच आढळेल. खाचेची डोळ्याकडची बाजू थोडी आत कललेली असावी म्हणजे ती सावलीत राहते, चमकत नाही.

७. माशीला कापराची काजळी.

जुन्या घाटाच्या रायफलीवर माशी चांदीची किंवा पितळेची असते. दिसायला देखणी, उन्हात मात्र फसवी. ऊन डावीकडून आले की तिची डावी बाजू लखलखते. डोळा त्या लखलखत्या कडेलाच माशी समजतो आणि तिला मध्यभागी आणतो. खरी माशी उजवीकडे राहते आणि गोळीही उजवीकडे जाते. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्यात हीच चमक पसरून आणखी मोठी होते.

लक्ष्यावर नेम मारणारे पूर्वीपासून माशी काजळून घेत आले आहेत, आणि त्यासाठी कापरासारखी काजळी दुसऱ्या कशाची येत नाही. इकडच्या मंडळींना तो कुठून आणायचा ते सुचत नाही. आपल्याला एडिसन गावातल्या भारतीय किराणा दुकानात पूजेच्या सामानात मिळतो. पत्र्याच्या झाकणावर एक वडी पेटवायची आणि माशी वरून धुरात फिरवायची. मऊ, मखमली, अजिबात न चमकणारा काळा थर बसतो. बोट लागले की जातो, म्हणून जाताना माशीवर कागदाची टोपी. बंदूक रिकामी, दारूचे शिंग दुसऱ्या खोलीत, हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

रानात मात्र हे उलटते. डिसेंबरच्या करड्या दुपारी, काळ्या खोडापुढे काळी माशी हरवते. तिथे काजळी पुसून चांदी उघडी ठेवायची. मैदानात काळी, रानात चांदी.

८. काळ्या टेपचे भोक.

विजेच्या तारांना लावतात त्या काळ्या टेपचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मध्ये दीड मिलिमीटरचे गोल भोक. तो चष्म्याच्या काचेवर नेमक्या जागी चिकटवला की खाच, माशी आणि लक्ष्य तिन्ही एकदम सावरतात. लहान भोकातून किरण कमी पसरतात, म्हणून धूसरपणा घटतो. चाळिशी असो नसो, त्याला देणेघेणे नसते. नेमकी जागा सापडायला दुसरा माणूस लागतो. आपण नेम धरून उभे राहायचे आणि त्याने टेप सरकवायची. दुकानात याच तत्त्वाची, भोक लहानमोठे करता येणारी चकतीही मिळते.

किंमत उजेडाने मोजावी लागते. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली लहान झालेली, भिंग पिवळसर. त्यात आणखी भोक लावले की ढगाळ दिवशी काहीच दिसत नाही. लख्ख उन्हात मात्र हे फुकटचे औषध आहे. स्पर्धेत चालते का, ते आधी विचारावे. जुन्या पद्धतीच्या काही सामन्यांत चालत नाही.

९. दुसरा डोळा मिटू नका.

एक डोळा आवळला की दुसऱ्यालाही ताण येतो, तोंडाची अर्धी बाजू आखडते. डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा. उजेड येतो, चित्र येत नाही.

१०. नेम घोळवत बसू नका.

नऊ पौंडांची रायफल, साडेतीन फुटांची नळी. पाच-सहा सेकंदांत माशी बसली तर चाप ओढावा, नाही तर रायफल खाली घ्यावी, दोन श्वास सोडावेत, लांबच्या झाडाकडे पाहावे. रोखून बघत राहिले की डोळे कोरडे पडतात, माशीला जोडकड दिसू लागते आणि मन तिलाच खरी मानते. तरुण माणूस दहा सेकंद थांबून नेम सुधारतो. आपला नेम दहाव्या सेकंदाला पाचव्यापेक्षा वाईट असतो.

चकमकीत चाप ओढल्यावरही काम संपत नाही. आधी घोडा पडतो, मग ठिणगी, मग रंजक, मग बार. डोळ्यांपुढे भडका उठतो तेवढ्या वेळात नजर माशीवरून हलली तर आधीचे सगळे वाया. बार झाल्यावर माशी कुठे होती ते स्वतःला मोठ्याने सांगायची सवय लावावी. “जरा डावीकडे,” असे पुटपुटत मी कागदाकडे चालत जातो. शेजारचे आता हसत नाहीत, तेही पुटपुटतात.

११. ठासतानाही डोळे लागतात.

हे कोणी बोलत नाही. नेमाच्या चष्म्यातून दारूच्या मापावरचे आकडे वाचता येत नाहीत, गारगोटीची धार बोथट झाली का तेही कळत नाही, आणि अर्धवट दिसताना दुहेरी दारू पडणे किंवा गोळी अर्ध्यावर राहणे फार धोक्याचे. त्यावर उपाय बोटांचा. गजावर दोन चरे कोरून घ्यावेत, नखाला लागतील इतके खोल. गज आत सोडल्यावर एक चरा नळीच्या तोंडाशी आला तर नळी रिकामी, दुसरा आला तर गोळी दारूवर नीट बसलेली. माप एकाच भरतीचे, शिंगाच्या तुकड्याचे ठेवावे, म्हणजे आकडा वाचायलाच नको. बाकी बारीक कामांना गळ्यात दोरीने लटकवलेला वाचायचा चष्मा. रूप शाळामास्तराचे येते, इलाज नाही.

१२. अंतर कमी करा आणि लवकर घरी या.

पूर्वी मी ८० यार्डांवरचे हरण माझे समजत असे. आता ५०, आणि ढगाळ असेल तर ४०. कायदा परवानगी देतो त्याच्या बराच आधी मी बार थांबवतो, कारण अंधारू लागले की बाहुली मोठी होते आणि सगळा धूसरपणा वाढतो. जनावर कोणते, त्याच्या मागे काय आहे, हे स्वच्छ दिसत नसेल तर माशी कितीही धारदार असली तरी उपयोग नाही. ओळखायला गळ्यात छोटी दुर्बीण ठेवतो. बंदुकीवर बंदी आहे, गळ्यात नाही.

१३. माशी अचानक लख्ख दिसू लागली तर डॉक्टरकडे जा.

मध्यंतरी नेहमीच्या, लांबच्या चष्म्यातून माशीची कड खड्यासारखी दिसू लागली. पेपर चष्म्याशिवाय वाचता येऊ लागला. बायको म्हणाली, तरुण झालात. डॉक्टरीणबाईंनी दिवा डोळ्यात घालून पाहिले आणि म्हणाल्या, मोतीबिंदू. भिंगाचा गाभा घट्ट होत जातो तसा नंबर उणेकडे सरकतो, म्हणून काही काळ जवळचे सुधारते. मग तेही जाते. लांबच्या लक्ष्याला पिवळट पडदा आला होता आणि उन्हात चमक पसरत होती, त्याचा उलगडा झाला.

आत कोणते भिंग बसवायचे, हा प्रश्न नेम धरणाऱ्याने ऑपरेशनच्या आधी बोलून घ्यावा. जवळ-लांब दोन्ही दाखवणारी भिंगे उजेड वाटून घेतात. काहींना दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि करड्या पार्श्वभूमीवरची करडी माशी आणखी फिकी पडते. मी एकाच अंतराचे, लांबचे भिंग ठरवले आहे. त्यावर चष्म्यात ०.७५ घातला की दोरीचे टोक पुन्हा तिथेच. खांद्याला दणका किती दिवस नको तेही विचारले. त्या म्हणाल्या, मी सांगेपर्यंत नको. तारीख फेब्रुवारीतली घेतली आहे. मोसम जानेवारीत संपतो.